दोन चाप

रवळूमामांनी माझी बंदूक उघडली, उजेडाकडे धरली आणि दोन्ही नळ्यांतून आळीपाळीनं माझ्याकडे पाहिलं. आधी वरच्या नळीतून, मग खालच्या. मी समोर घोंगडीवर बसलो होतो, हातात चहाची कपबशी होती, आणि मुलगी बघायला आलेल्या माणसानं चेहरा जितका गरीब ठेवायचा असतो तितका ठेवला होता.

"वरची कशाची?" मामांनी विचारलं.

"छऱ्यांची."

"अन् खालची?"

"रायफलची. एक गोळी."

"म्हंजे दोन जावा अन् चूल एकच," असं म्हणून त्यांनी बंदूक मिटली आणि भिंतीला टेकवून ठेवली. ओसरीवरची माणसं खो खो हसली. मीही हसलो, पण मनातून मला राग आला होता. माझ्या गिरणीला, माझ्या फटफटीला, अगदी मला नावं ठेवली असती तरी चाललं असतं. त्या बंदुकीला ठेवलेली मला चालत नव्हती.

हे चंदगडच्या डोंगरातलं, मी सव्वीस वर्षांचा असतानाचं. त्या काळी परवान्यावर शिकार चालायची. आता कायद्यानं ती बंद आहे, आणि रानात जे काही उरलंय ते बघता बंद आहे तेच बरं. पण तेव्हा शिमग्याच्या तोंडावर सगळं गाव मिळून रान उठवायचं, डुकरांनी वर्षभर केलेल्या नासाडीचा हिशोब चुकता करायचा आणि पडलेल्या जनावराचे वाटे घरोघर जायचे. रवळूमामा गावडे त्या शिकारीचे म्होरके होते. त्यांच्या वडिलांनंतर तो मान त्यांच्याकडे आला होता आणि त्यांच्यासारखा म्होरक्या आसपासच्या गावांत नाही, असं त्यांचे वैरीसुद्धा कबूल करायचे.

वत्सला ही त्यांची भाची. आईबाप लवकर गेले म्हणून मामांनीच वाढवलेली. नेसरीला एका लग्नात मी तिला पाहिलं होतं. पंगतीत वाढताना एका आगाऊ वऱ्हाड्यानं तिला "जिलबी जपून वाढा" म्हणून टोकलं, तर तिनं त्याच्या पानात जिलबी वाढलीच नाही, सरळ पुढे गेली. माझं तिथंच ठरलं होतं. गडहिंग्लजला माझी चालती भातगिरणी होती, पत्रिका जुळली होती, देण्याघेण्याचं बोलणं झालं होतं. राहिली होती ती मामांची परीक्षा. ज्याला पोरगी द्यायची त्याला ते आधी एकदा शिकारीत उभा करून बघायचे. माझ्याआधी एका मास्तराचं स्थळ त्यांनी परत पाठवलं होतं, कारण तो ठिय्यावर, म्हणजे बंदूकवाल्यानं दबा धरायच्या जागेवर, बसल्या बसल्या शेजारच्याशी गप्पा मारत होता.

तर बंदूक. माझे आजोबा एका लहानशा संस्थानच्या शिकारखान्यात नोकर होते. संस्थान विलीन झालं तेव्हा राजेसाहेबांनी त्यांना ती बक्षीस दिली होती. जर्मन बनावटीची, एकावर एक दोन नळ्या, दोन चाप. पुढचा चाप रायफलचा, मागचा छऱ्यांचा. तसली बंदूक आमच्या तालुक्यात दुसरी नव्हती. मामांनी तिला जावांची उपमा दिल्यावर मी कपबशी खाली ठेवली आणि माझी बाजू मांडली.

मी म्हणालो, परवाना एकच लागतो आणि हत्यारं दोन मिळतात. खांद्यावर पट्टा एकच. रानात शिरताना काय समोर येईल हे कुणाला ठाऊक असतं? दुनळीवाल्याला समोरच्या टेकावरचं डुक्कर दिसलं तर तो नुसता बघत बसतो. रायफलवाल्याच्या पायातून रानकोंबडा उडाला तर तो नुसता बघत बसतो. मी दोन्ही वेळेला बघत बसत नाही. हे शेवटचं वाक्य मी जरा ऐटीत म्हटलं, कारण आतल्या दाराच्या पडद्यामागे पावलं वाजली होती.

मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग एकेक करून माझी पिसं काढली. बंदूक जड आहे, चढावर जीव काढते. छऱ्याचा बार चुकला तर मागोमाग दुसरा छऱ्याचा बार नाही, गोळी चुकली तर दुसरी गोळी नाही. दोन जातींची काडतुसं, त्यातलं एक कोल्हापुरात मिळालं तर मिळालं. एक कळ बिघडली की दोन्ही हत्यारं एकदम दुरुस्तीला. हे सगळं मला माहीत होतं आणि प्रत्येकाला माझ्याकडे उत्तरही होतं. पण शेवटचं त्यांनी जे सांगितलं ते मला जास्त लागलं.

"जनावर पुढ्यात आलं की माणसानं निस्तं जनावर बघायचं असतंय, पावणं. तुम्ही बोटं बघणार. ह्यो चाप का त्यो चाप. दुनळीत कुठलाबी ओढा, निघतंय ते एकच. हिच्यात इचार करायला लागतोय, अन् तेवढ्यात जनावर पल्याडच्या गावाला पोचतंय."

"माझं बोट चुकत नाही, मामा."

"बरं. उद्या बघूया की." त्यांनी पानाचा डबा पुढे ओढला. "पण माझं ऐकायचं असंल तर लग्नाआधी ही इका अन् धड दुनळी घ्या."

मी म्हणालो, "उद्या माझ्यासमोर जनावर आलं आणि मी पाडलं नाही, तर विकीन."

"न्हाय पाडलंसा तर बंदुकीचं मागनं बघू," मामा सुपारी कातरत म्हणाले. "आदी पोरीचं बघाय लागंल."

ओसरीवर पुन्हा हशा झाला. त्यात सर्वांत मोठ्यानं हसणारा सटुप्पा पाटील होता. दणकट, लालबुंद, मिशीला तेल लावणारा माणूस. शिकारीचा मान आपल्या घराण्यात यावा म्हणून तो वर्षानुवर्षं टपून बसला होता आणि मामांच्या हातून काही चुकतंय का याच्याकडे त्याचा डोळा असायचा. मामांच्या हातून काही चुकत नव्हतं, हेच त्याचं दुःख होतं.

सकाळी निघताना वत्सलेनं मला भाकरीचं गाठोडं आणून दिलं. अंगणात माणसं गोळा होत होती, कुत्री दोऱ्या ताणत होती, त्या गडबडीत आम्हाला चार शब्द बोलायला मिळाले. तिनं भिंतीची बंदूक सरळ उचलली आणि माझ्या हातात दिली.

"जड हाय," ती म्हणाली.

"सवय लागते."

"डब्याचं सांगितलं का कुणी?"

नव्हतं सांगितलं. तिनं सांगितलं. हाकाऱ्यांजवळ रॉकेलचे रिकामे डबे असतात, ते बडवून रान उठवतात. ज्याच्या ठिय्यावरून जनावर न मारता सुटतं, त्यानं परतताना त्यातला एक डबा गळ्यात घालून, बडवत, सगळ्यांच्या पुढे गावात शिरायचं. मग तो कुणीही असो. गेल्या साली सटुप्पाकाकानं वाजवला, अजून पोरं त्याच्या पाठीमागं डबा डबा म्हणून ओरडतात, असं सांगताना ती खुदकन हसली.

"मामांनी कधी वाजवलाय?"

"मामांनी?" जणू मी देवळाचा कळस कधी खाली उतरला का असं विचारलं होतं. "न्हाय. अन् त्यांच्याम्होरं कुणी नेम मोडायचा न्हाय. धोंडूमामा, त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, एकदा हाका चालू असताना ओळ सोडून पुढं गेलता. त्याला कायमचा काढला शिकारीतनं. आई रडली त्यांची, तरी घेतला न्हाय परत."

नियम साधा होता. शिंग वाजलं की हाकाऱ्यांच्या ओळीच्या पुढे कुणी जायचं नाही आणि ठिय्यावरच्यानं ठिय्या सोडायचा नाही. दोहोंच्या मधलं रान फक्त जनावराचं. जो तो मोडेल तो पुन्हा शिकारीला येणार नाही, मग म्होरक्या का असेना.

"डबा वाजवायची पाळी माझ्यावर येणार नाही," मी तिला सांगितलं.

"आली तर जोरात वाजवा," ती म्हणाली. "हळू वाजवणाऱ्याला जास्त हसत्यात."

मामांनी मला जागा चांगली दिली होती. ओढ्याच्या वर एका जुन्या जांभळाच्या बुंध्याआड मी उभा होतो. समोर उतारावर गवताचा मोकळा पट्टा, पट्ट्याच्या पलीकडे कारवीचं दाट रान. उजवीकडे, माझ्यापासून हाकेच्या अंतरावर, खिंड होती आणि तिथं सटुप्पा बसला होता. मोठी डुकरं नेहमी खिंडीतूनच निघतात, म्हणून ती जागा त्यानं मागून घेतली होती. हाकाऱ्यांची ओळ खालून वर येणार होती आणि तिच्या डाव्या टोकाला स्वतः मामा. म्होरक्या हाक्यात बंदूक घेत नाही. हातात कोयता, कमरेला शिंग आणि डोक्याला विटलेलं तांबडं मुंडासं, एवढंच त्यांच्याजवळ होतं.

मला बजावताना ते म्हणाले होते की गोळी मारायची झाली तर उताराकडे, दरडीत जाईल अशी मारा. छऱ्याचा बार पन्नास पावलांवर मरतो, गोळी मरत नाही. मला हे शिकवायची गरज नव्हती, पण मी मान हलवली. होणाऱ्या मामेसासऱ्यापुढे मान हलवण्यात शहाणपण असतं.

शिंग वाजलं आणि खालून सगळं रान खवळून उठलं. डबे, आरोळ्या, कुत्री. पहिल्यांदा एक रानकोंबडा माझ्या डोक्यावरून गेला. मग पिलांचं लेंढार घेऊन एक डुकरीण गवतातून पळाली. पिलांवाल्या मादीला हात लावायचा नाही हाही त्या गावचा नियम होता, म्हणून मी नुसता बघत राहिलो. वरच्या अंगाला कुठंतरी एक बार झाला. मी मात्र अगदी निवांत होतो. आज खोटं कशाला सांगू, मी तेव्हा उत्तम नेमबाज होतो आणि ते मला पुरतं ठाऊक होतं.

मग तो आला. एकटा, काळाभोर, पाठीचे केस उभे, सुळे इतके वळलेले की लांबून दिसावेत. तो कारवीच्या कडेकडेनं सरळ खिंडीकडे निघाला होता. म्हणजे सटुप्पाचा होता. मी मनात शिवी हासडली. आणि एकाएकी, कशानं कोण जाणे, तो बिचकला, थबकला आणि तिथून वळून मोकळ्या पट्ट्यात माझ्यासमोर आडवा आला.

बंदूक खांद्याला लागली होती. बोट पुढच्या चापावर. नळीच्या टोकावरची नेमाची माशी त्याच्या खांद्यामागे बसली होती आणि तिथून तो वाचायचा नव्हता. मी श्वास धरला. तेवढ्यात त्यानं तोंड फिरवलं आणि तो थेट माझ्या दिशेनं वर चढू लागला. येतोच आहे जवळ तर येऊ द्या, मग छऱ्यांनी एकदम आडवा करू, असं डोक्यात आलं. बोट पुढच्या चापावरून उचललं आणि मागच्या चापाकडे सरकवलं. एवढाच काय तो वेळ. डोळ्याची पापणी लवावी एवढा.

तेवढ्यात डुकराच्या मागे, अगदी माशीच्या सरळ रेषेत, कारवी हलली आणि तांबडं मुंडासं वर आलं.

रवळूमामा. हाकाऱ्यांची ओळ अजून कितीतरी खाली होती आणि हा माणूस ओळीच्या पुढे, जिथं कुणीच असायला नको तिथं, छातीपर्यंत कारवीत उभा होता. त्यांनी नळ्या पाहिल्या. आमची नजरानजर झाली, आणि मी सांगतो, माझ्या उभ्या आयुष्यात कुठल्याही माणसाचे डोळे मला इतके जवळ दिसले नाहीत. मग ते मटकन खाली बसले.

डुक्कर माझ्या जांभळाला जवळजवळ घासून वर गेलं. मागे वळून छऱ्यांनी मारता आलं असतं, तिकडे कुणी नव्हतं. पण मी नळ्या खाली केल्या. मी बुंध्याला पाठ टेकली, बंदूक उघडून दोन्ही काडतुसं काढली आणि खिशात टाकली. पुढच्या चापावर ठेवलेलं बोट जर तिथंच राहिलं असतं तर काय झालं असतं, हे मला कळत होतं. मला संयमाचं श्रेय कुणी देऊ नये. मी थांबलो नव्हतो, मी बोट बदलत होतो.

हाका संपल्यावर सगळे ओढ्याकाठी जमले. वरच्या आळीच्या एकानं एक बेताचं डुक्कर पाडलं होतं, म्हणजे गाव उपाशी राहणार नव्हतं. पण सटुप्पाचं डोकं फिरलं होतं. त्यानं खिंडीतून त्या एकांड्याला येताना पाहिलं होतं आणि मधूनच वळतानाही पाहिलं होतं.

"माझ्याकडंच येत हुतं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "सरळ. अन् मधीच वळलं. कशानं वळलं? तिथं कारवीत माणूस हुतं. कोन हुतं ते सांगा, न्हायतर मी जाऊन पाय बघतो. मऊ माती हाय तिथली, कळतंय."

गलका थांबला. हाकारे एकमेकांकडे बघू लागले. मी मामांकडे पाहिलं. ते कोयता हातात धरून आपल्या पायांकडे बघत होते. पायांना ओली तांबडी माती होती. त्यांचा चेहरा उतरला होता आणि एकदम म्हातारा दिसत होता. त्यांनी मान वर केली, आणि मला स्पष्ट कळलं की हा माणूस आता सगळं सांगणार. धोंडूमामाला काढलं तसं स्वतःला काढणार, बापाचा मान सटुप्पाच्या हातात देऊन टाकणार, आणि तेही सरळ, काही न लपवता. ते बोलायला तोंड उघडतायत तोच मी पुढे झालो.

"पाय कशाला बघताय? वळलं ते वळलं. माझ्याच पुढ्यात आलं होतं."

सटुप्पा माझ्याकडे फिरला. "मग बार ऐकला न्हाय आमी."

"झाला नाही."

"का?"

आता हे सांगणं सोपं नव्हतं. आदल्या संध्याकाळी ह्याच माणसांपुढे मी त्या बंदुकीची आरती ओवाळली होती. खरं सांगितलं असतं तर माझी अब्रू राहिली असती, मुलगी कदाचित मिळाली असती, आणि ज्यानं ती द्यायची तो माणूस गावातून उठला असता. मी बंदूक खांद्यावरून उतरवली आणि सगळ्यांना दिसेल अशी आडवी धरली.

"दोन चाप आहेत ना," मी म्हणालो. "कुठला ओढावा ते ठरेना."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग सटुप्पा जो हसत सुटला तो मांड्या बडवत खालीच बसला. सगळा ओढा हसला. कुणी हवेत दोन बोटं नाचवली, कुणी माझं तोंड करून दाखवलं. ह्यो का त्यो, ह्यो का त्यो, असं म्हणत पोरं एकमेकांवर पडली. सटुप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. कारवी आणि कारवीतली माती तो पार विसरून गेला. ज्या गोष्टीवर हसून माणसाचं पोट दुखतं, तिची तो चौकशी करत नाही.

मी हाकाऱ्यांच्या ढिगातला एक डबा उचलला आणि त्याची दोरी गळ्यात घातली. मामांनी सगळ्यांना बाजूला सारत पुढे येऊन दुसरा डबा उचलला.

"रवळू, तू कशाला?" सटुप्पा डोळे पुसत म्हणाला.

"पावण्याला ठिय्या कुनी दिलता?" मामांनी दोरी मुंडाशावरून मानेत घेतली. "मी दिलता. सुटलं ते माझ्या हातनं सुटलं."

हसणं हळूहळू विरलं. म्होरक्याच्या गळ्यात डबा कुणी कधी पाहिला नव्हता. एकदोन म्हातारे पुढे होऊन मामांना आवरायला लागले, तर मामांनी त्यांच्याकडे फक्त बघितलं. मग सगळे आमच्या मागे उभे राहिले आणि आम्ही निघालो.

वाट उताराची होती. मी डबा बडवत होतो, मामा बडवत होते, आणि आमचे ठोके एकमेकांत मिसळत नव्हते. तो एवढा आवाज होता की मागच्याला आमचं बोलणं ऐकू येणं शक्य नव्हतं. बरंच खाली आल्यावर मामा माझ्याजवळ सरकले.

"वळवत हुतो," मग ते म्हणाले.

"काय?"

"डुक्कर. सटुप्पाकडं चाललं हुतं. म्हटलं, पावण्याकडं वळवावं." त्यांनी डब्यावर काठी हाणली. "पोरीनं राती जेवण सोडलं. इचारलं का, तर म्हणती, उद्या तुमी त्येला नापास करनार. त्येच्यापुढनं जनावरच गेलं न्हाय तरबी नापासच का? म्हटलं, बघू तरी. एकदाच. कुनाला कळतंय."

माझी काठी थांबली. ज्या माणसानं सख्ख्या भावाला परत घेतलं नाही, त्यानं माझ्यासाठी ओळ सोडली होती. माझ्यासाठी कसली, तिच्यासाठी. आणि माझी माशी बरोबर त्यांच्या छातीवर होती.

"वाजवा," मामा म्हणाले. "थांबलासा तर मागचे जवळ येतील."

मी वाजवू लागलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. मागच्यांना वाटलं असेल की पावण्याला लाजेनं रडू फुटलं. वाटू दे.

गावाच्या वेशीवर बायका आणि पोरं उभी होती. पोरांनी मला पाहिलं आणि डबा डबा करत ओरडा सुरू केला. मग त्यांना माझ्या शेजारचा दुसरा डबा दिसला आणि ती गप्प झाली. वत्सला देवळाच्या पायरीवर होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. हसावं की घाबरावं हे तिला कळत नव्हतं. मला तिचं सकाळचं बोलणं आठवलं, आणि मी अंगात होतं नव्हतं तेवढ्या जोरानं डबा बडवला. ती हसली. मामांनीही जोर वाढवला, आणि गावात शिरताना पहिल्यांदाच आमचे ठोके एकत्र पडले.

संध्याकाळी वाटे झाले, जेवणं झाली, ओसरीवर पानसुपारी फिरली. सटुप्पानं माझी नक्कल दोनदा करून दाखवली आणि दुसऱ्यांदा ती पहिल्यापेक्षा चांगली झाली. मी निमूटपणे ऐकून घेतली. मग मामांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि स्थळ आणणाऱ्या मध्यस्थाला म्हणाले की शिमगा झाल्यावर चांगला दिवस बघा. ओसरीवर कुजबुज झाली. सटुप्पानं तोंड वासलं. "रवळू, अरं त्येला चाप सापडंना अन् तू पोरगी देतोस?"

"डबा वाजवताना बघितलासा त्येला?" मामा म्हणाले. "मान खाली घातली न्हाय. बास हाय मला."

माणसं एकेक करून उठली आणि घरी गेली. ओसरीवर मामा आणि मी, आणि पडद्यामागे बांगड्या, एवढेच उरलो. आता आपलाही शब्द पाळायला हवा म्हणून मी भिंतीची बंदूक उचलून त्यांच्यापुढे ठेवली.

"ठरल्याप्रमाणे विकतो, मामा. दुनळी घेतो. तुम्ही म्हणत होता ते खरं, हिच्यात विचार करायला लागतो. ओढ्यावर सांगितलं ते खोटं नव्हतं, मी बोट बदलतच होतो."

मामांनी बंदूक मांडीवर घेतली. काल उघडली तशी उघडली आणि कंदिलाच्या उजेडाकडे धरली. आधी वरच्या नळीतून पाहिलं, मग खालच्या. आत धुराचा ठिपकाही नव्हता. खालच्या नळीतून ते पुष्कळ वेळ बघत राहिले. मग त्यांनी ती हळूच मिटली, आपल्या मुंडाशाच्या पदरानं दोन्ही चाप पुसले आणि माझ्या हातात दिली.

"ही इकायची न्हाय, जावईबापू," ते म्हणाले.